विसाव्याचा वार

मराठी बायबलमध्ये देवाजवळ मिळणाऱ्या विश्रांतीसाठी ‘विसावा’ हा शब्द आला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू कष्टाने वाकलेल्यांना आपल्याकडे बोलावतो, तेथे हा शब्द आहे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या विश्रांतीबद्दल लिहिले आहे, तेथेही तो आहे. भाषांतरकारांची ही निवड फार नेमकी आहे. सुट्टी देणे मालकाच्या हाती असते, तर विसावा चालणाऱ्याचा असतो. पालखीच्या वाटेवर मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. विसाव्याला पालखी थोडा वेळ टेकते, वारकरी भाकरी खातात, पाणी पितात आणि पुन्हा चालू लागतात. वाट संपलेली नसते, ओझेही तेच असते. कामाच्या रगाड्यात राहूनच देवाजवळ टेकण्याची ख्रिस्ती माणसाने शोधलेली जागा साधारण अशीच आहे. तिचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी एका वाराचा, रविवाराचा, इतिहास आहे.

या वाराचे मूळ शनिवारात आहे. यहुदी शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी तारे दिसले की संपतो. दहा आज्ञांपैकी शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा आली असून दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे दिले आहे. निर्गम या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण आहे. अनुवाद या पुस्तकात मात्र मिसर देशातल्या गुलामगिरीची आठवण करून दिली आहे: तुम्ही तेथे दास होता, म्हणून तुमच्या दासालाही तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. त्या यादीत मुलगा आणि मुलगी आहेत, दास आणि दासी आहेत, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. घरधन्याने एकट्याने हात आवरले आणि चाकरांना राबवले, तर आज्ञा पाळली असे होत नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत या आज्ञेचा पहिला अर्थ व्यासपीठावरून पुष्कळ सांगितला गेला, पण कसोटी लागली ती दुसऱ्याची.

कोकणाला हा शनिवार ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्राएल समाजाचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता आणि शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. हिब्रू भाषा विसरली गेली होती, धर्मग्रंथ हाताशी नव्हते, तरी घाणा थांबवण्याचा वार राहिला. पुढे बाहेरच्या यहुद्यांना त्यांची ओळख पटली तीही अशाच जपलेल्या थोड्या चालीरीतींवरून. एखादा समाज काय करतो यापेक्षा कोणत्या दिवशी काय करत नाही, यावरून तो ओळखला जावा, याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही.

येशूचे पहिले शिष्य यहुदी होते आणि शब्बाथ पाळत होते. येशूचे पुनरुत्थान मात्र आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी झाले, अशी शुभवर्तमानांची साक्ष आहे. म्हणून तो दिवस एकत्र जमण्याचा ठरला आणि त्याला ‘प्रभूचा दिवस’ हे नाव मिळाले. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. रोमन साम्राज्यात हा कामाचा दिवस होता. त्या काळच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गुलाम होते, कारागीर होते, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांना त्या दिवशी कोणी मोकळे सोडत नसे. सन 112 च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांची चौकशी करून मिळालेली माहिती कळवली आहे. ठरलेल्या दिवशी हे लोक सूर्य उगवण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे जेवण घेतात, असे त्याला समजले होते. पहाटेच्या त्या वेळेत काही गूढ नव्हते. दिवस उजाडला की प्रत्येकाला आपापल्या कामावर हजर व्हायचे होते. ख्रिस्ती विसावा इतिहासात प्रथम भेटतो तो असा, अंधारात आणि झोप मोडून.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन मार्टर याने ख्रिस्ती धर्माची बाजू मांडताना रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तितके वाचले जात. मग प्रमुख उपदेश करी, प्रार्थना होई, भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई. शेवटी ज्याला शक्य असेल तो पैसे देई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांना मदत होई. ‘वेळ पुरेल तितके’ हा तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. कामाची घाई उपासनेच्या दारात उभी होती. सन 304 मध्ये, सम्राट डायोक्लेशियनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात, उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना गावचे 49 स्त्री-पुरुष बंदी असताना रविवारी जमले म्हणून पकडले गेले. कार्थेजला चौकशी झाली, तेव्हा प्रभूच्या दिवसाच्या या उपासनेशिवाय आम्हांला जगता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांच्यापैकी एकाने दिले. सरकारी सुट्टी अजून सतरा वर्षे दूर होती.

मार्च 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढले. न्यायाधीशांनी, नगरवासीयांनी आणि कारागिरांनी सूर्याच्या पूज्य दिवशी काम बंद ठेवावे, असा त्याचा हुकूम होता. शेतकऱ्यांना सूट होती, कारण पेरणीला किंवा द्राक्षलागवडीला योग्य हवा नेमकी त्या दिवशी मिळाली आणि ती दवडली तर नुकसान व्हायचे. फर्मानात ख्रिस्ताचा उल्लेखही नाही, सूर्याचा आहे. त्याच वर्षी आणखी एका हुकुमाने रविवारी न्यायालये बंद असली तरी गुलामांच्या मुक्ततेचे कागद करायला परवानगी देण्यात आली. अनुवादाच्या पुस्तकातली मिसरची आठवण रोमन कायद्याच्या एका कोपऱ्यात शिरली ती अशी. चौथ्या शतकातच लाओदिकिया येथे भरलेल्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी निष्क्रिय न राहता काम करावे, प्रभूच्या दिवसाला मान द्यावा आणि जमल्यास त्या दिवशी विसावा घ्यावा, असा नियम केला. ‘जमल्यास’ या शब्दात धर्मसभेचा शहाणपणा दिसतो. सगळ्यांना जमणार नाही, हे तिला ठाऊक होते.

दिवस मोकळा मिळाला, तरी मनाला विसावा मिळतो असे नाही. या प्रश्नाकडे सर्वांत खोलवर पाहिले ते ऑगस्टीनने. हिप्पोचा हा बिशप अत्यंत कामात बुडालेला माणूस होता. सकाळभर लोकांचे तंटे ऐकणे हा त्या काळी बिशपच्या कामाचा भाग होता, शिवाय प्रवचने, पत्रे, वादविवाद होतेच. सन 397 नंतरच्या काही वर्षांत त्याने लिहिलेल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच देवात स्थिरावेपर्यंत बेचैन राहणाऱ्या हृदयाविषयी लिहिले आहे आणि ग्रंथाचा शेवट ज्याला संध्याकाळ नाही अशा सातव्या दिवसाच्या विचाराने केला आहे. पुढे ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागात त्याने व्यवहाराला उपयोगी पडेल असा निवाडा दिला. सत्याच्या ओढीने माणूस निवांतपणा शोधतो आणि प्रेमाच्या गरजेपोटी काम अंगावर घेतो. कोणी काम लादले नसेल तर चिंतनात राहावे, लादले तर शेजाऱ्यासाठी ते पत्करावे, पण चिंतनाची गोडी पूर्ण सोडू नये, नाहीतर ओझ्याखाली माणूस चिरडून जाईल. निवांत माणूस श्रेष्ठ की कामाचा, हा वाद ख्रिस्ती जगात पुढेही चालला. ऑगस्टीनचे उत्तर त्यात आजही सर्वांत माणुसकीचे वाटते, कारण ते स्वतः कामाखाली दबलेल्या माणसाने दिले आहे.

सहाव्या शतकात इटलीत मॉन्ते कासिनो येथे बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले आणि विसाव्याला दिवसाच्या घड्याळात बसवले. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, त्यांच्या मधल्या वेळात अंगमेहनत आणि वाचन. नियमांच्या 48 व्या अध्यायात रिकामपण आत्म्याचे शत्रू मानले आहे, म्हणून कामाचे तास ऋतूप्रमाणे ठरवून दिले आहेत. रविवारी मात्र, ज्यांच्याकडे नेमून दिलेले काम आहे ते सोडून, सर्वांनी वाचन करावे. या व्यवस्थेत घंटा झाली की हातातले काम अर्धे टाकून उठायचे. खरी साधना या अर्ध्यावर टाकण्यात आहे. काम संपल्यावर देवाकडे जाऊ, असे म्हणणाऱ्याचे काम कधी संपत नाही.

मठातली घंटा हळूहळू गावात आली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी देवळाच्या मनोऱ्यावरून वाजणारी, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची आठवण करून देणारी घंटा युरोपभर रूढ झाली. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला मठातल्या प्रार्थनातासांचा एवढा वाटा मिळाला. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आणि वसईत पोहोचली. वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तो गेला, पण देवळे आणि तिन्हीसांजेची घंटा राहिली. घंटा ऐकली की शेतावरच्या किंवा वाडीतल्या माणसाने जागीच थांबायचे, डोक्यावरचे काढायचे, प्रार्थना म्हणायची. घरात मोठ्यांच्या पाया पडून आशीर्वाद घ्यायचा. गोव्यात वाड्यावाड्यांतल्या क्रुसापुढे संध्याकाळी लादाइन ही सामूहिक प्रार्थना म्हणण्याची चाल आहे. येथे पाद्री लागत नाही, देवळापर्यंत जावे लागत नाही. शेजारी जमतात आणि गातात. वाराच्या नावातही एक गमतीची गोष्ट राहून गेली आहे. पोर्तुगीज भाषेत रविवारला ‘दोमिंगो’, म्हणजे प्रभूचा दिवस, म्हणतात, पण कोकणी ख्रिस्ती माणसाचा ‘आयतार’ आणि जुन्या मराठीतला ‘आइतवार’ हे दोन्ही आदित्यवारातूनच आले आहेत. कॉन्स्टंटाइनच्या फर्मानातला सूर्य कोकणच्या किनाऱ्यावर आधीच होता.

युरोपात धर्मसुधारणेनंतर रविवारला कडकपणा आला. स्वतः मार्टिन लूथर कडक नव्हता. 1535 मध्ये त्याने आपल्या पीटर नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थना कशी करावी यावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तीत न्हाव्याच्याच धंद्यातला दाखला दिला. चांगला न्हावी आपले सगळे लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर ठेवतो. बोलण्यात गुंगला तर गिऱ्हाईकाचे नाक किंवा गळाही कापेल. प्रार्थनेला तितकेच लक्ष हवे. धर्मपंडिताने न्हाव्याच्या हाताकडे पाहून प्रार्थना समजावून सांगावी, यातच कामकरी माणसाविषयीचा आदर आहे. इंग्लंडमधल्या प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांनी मात्र रविवारला शब्बाथाचे सर्व नियम लावले. राजा पहिला जेम्स याने 1618 मध्ये उपासनेनंतर नाच, धनुर्विद्या आणि उड्यांच्या खेळांना मोकळीक देणारा जाहीरनामा काढला. 1633 मध्ये पहिल्या चार्ल्सने तो पुन्हा काढला. दहा वर्षांनी पार्लमेंटच्या हुकुमाने तो जाहीरपणे जाळण्यात आला. 1677 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये रविवारी धंदा करण्याला बंदी आली.

त्याच काळात इंग्रजांच्या वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले लाखो गुलाम राबत होते. रविवारी मळ्यातले काम थांबे खरे, पण जमैकासारख्या बेटांवर पोट भरण्यासाठी लागणारे कंद आणि भाज्या गुलामांनी स्वतः पिकवायच्या, असा रिवाज होता आणि त्यासाठी मिळणारा मुख्य दिवस रविवारच होता. पिकलेले विकण्याचा बाजारही त्याच दिवशी भरे. लंडनमध्ये दुकान उघडणे पाप ठरवणाऱ्या समाजाने आपल्याच साखरेसाठी दासाचा विसावा काढून घेतला होता. शब्बाथाच्या आज्ञेचा याहून उघड भंग ख्रिस्ती इतिहासात दुसरा नसेल, आणि त्याविरुद्ध आवाज उठायला शतक-दीड शतक लागले, ही शरमेची बाब आहे.

ज्याला मोकळा वार मिळतच नाही त्याने काय करावे, याचे उत्तर सतराव्या शतकात पॅरिसच्या एका स्वयंपाकघरातून आले. लॉरेनमध्ये 1614 च्या सुमारास जन्मलेला निकोला एर्मां तीस वर्षांच्या युद्धात शिपाई होता. जखमी होऊन पायाने अधू झाला, मग कोणाकडे हुजऱ्या राहिला आणि 1640 मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात सेवेकरी बंधू म्हणून दाखल झाला. तेथे त्याचे नाव ब्रदर लॉरेन्स पडले. शिक्षण बेताचे, म्हणून काम मिळाले ते स्वयंपाकाचे. त्याला त्या कामाचा मुळात तिटकारा होता, तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले. नंतर चपला शिवण्याचे काम आले. मठासाठी दारू खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवले, तेव्हा पाय साथ देत नसल्याने तो बोटीत पिंपांवरून अंग लोटत फिरला.

या माणसाने प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांतला भेदच पुसून टाकला. सुरुवातीची काही वर्षे त्याला जड गेली. मन भरकटे, तो परत आणी आणि त्याबद्दल फार खंत न करता पुढे जाई. मग भांड्यांच्या खणखणाटात, चार जण एकदम काही ना काही मागत असतानाही, गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेइतकीच शांतता मिळू लागली. कढईतले धिरडे उलटायचे तेही देवावरच्या प्रेमापोटी, एवढी त्याची रीत साधी होती. 1691 मध्ये तो वारला. जोझेफ द बोफोर या पाद्र्याने त्याच्याशी झालेली संभाषणे आणि त्याची थोडी पत्रे गोळा करून छापली. ते पुस्तक लहान आहे, कॅथलिकाने लिहिलेले आहे, तरी प्रॉटेस्टंट घरांत ते जास्त वाचले गेले. मराठी वाचकाला येथे दळण-कांडण करता करता विठ्ठलाला हाक मारणारी जनाबाई आठवल्यावाचून राहणार नाही. दोघांचे देवाविषयीचे सिद्धांत वेगळे आहेत, चूल आणि जाते मात्र एकाच घरातली वाटतात.

फ्रान्सच्या क्रांतीने रविवार मोडून पाहिला. 1793 मध्ये आलेल्या नव्या पंचांगात आठवडा दहा दिवसांचा होता आणि सुट्टी दहाव्या दिवशी. लोकांना ते मानवले नाही आणि 1806 च्या सुरुवातीला जुने पंचांग परत आले. सोव्हिएत रशियानेही 1929 पासून अकरा वर्षे पाच आणि सहा दिवसांच्या आठवड्याचे प्रयोग करून 1940 मध्ये सात दिवसांचा आठवडा पुन्हा स्वीकारला. पाच दिवसांच्या आठवड्यात कामगारांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी असल्याने नवरा-बायकोही एकत्र घरी नसत. एकट्याला मिळालेली सुट्टी आणि सगळ्यांनी मिळून घेतलेला विसावा यांतला फरक त्या प्रयोगाने कटू रीतीने दाखवून दिला.

महाराष्ट्रात रविवार कामगारांपर्यंत पोहोचला त्याची हकीकत वेगळीच आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारी कचेऱ्या आणि मिशनच्या शाळा रविवारी बंद असत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या मिशनऱ्यांनी रविवारची उपासना व रविवारची शाळा गावोगाव नेली. पण मुंबईच्या कापडगिरण्यांना रविवार नव्हता. पहाटे उजेड पडला की काम सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामाचा दिवसही मोठा. रविवारी साचे थांबले तरी यंत्रांची साफसफाई कामगारांकडूनच करून घेत. त्या गिरण्यांचे मालक अनेक धर्मांचे होते, इंग्रज ख्रिस्तीही त्यांत होते. या एका बाबतीत कोणी कोणाहून वेगळा नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते आणि 1880 पासून ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत होते. सप्टेंबर 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातली पहिली मागणी दर रविवारी पूर्ण सुट्टीची होती. दुपारी अर्धा तास मोकळा मिळावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच असावे, पगार वेळेवर व्हावा, अपघातात जायबंदी झालेल्याला मदत मिळावी, या बाकीच्या मागण्या. सहा वर्षे काही घडले नाही. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभरच्या कारखान्यांना लागू झाली.

रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून मराठी कामगाराला तो परका वाटला नाही. या सुट्टीचे श्रेय चर्चला देता येत नाही आणि तसे देऊही नये. तरी एक योग विलक्षण आहे. परळच्या अर्जात जे मागितले होते तेच, दासाला आणि दासीला धन्यासारखा विसावा मिळावा हेच, मोशेच्या आज्ञेत लिहिलेले होते. पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक 15 मे 1891 रोजी काढले आणि रविवारच्या विश्रांतीचा हक्क त्यात मांडला. म्हणजे महालक्ष्मीच्या सभेनंतर एक वर्षाहून अधिक काळाने. खुद्द फ्रान्समध्ये साप्ताहिक विश्रांतीचा कायदा व्हायला जुलै 1906 उजाडला. त्याआधी मार्चमध्ये कूर्रिएरच्या कोळसा खाणीत 1,099 माणसे मेली होती.

मराठी ख्रिस्ती समाजाने विसाव्याला आपले रूप द्यायला सुरुवात केली ती याच सुमारास. कवी नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्याआधी मराठी मंडळ्यांत गाणी होती, पण पुष्कळशी इंग्रजी चालींवर बेतलेली. टिळकांनी अभंग, पदे आणि भजने दिली. टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती भजन होऊ लागले आणि दिवसभर शेतात किंवा दगडांच्या खाणीत राबून आलेला नगर जिल्ह्यातला माणूस रात्री आपल्याच लयीत देवाजवळ बसू लागला. 1917 मध्ये मिशनचे पगारी काम सोडून टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. दोन वर्षांनी, मे 1919 मध्ये, ते वारले आणि दरबार फार वाढला नाही.

टिळकांच्या विचारांचा ठसा घेतलेले जॅक विन्स्लो हे इंग्रज पाद्री नगर भागात काम करत होते. त्यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि काही वर्षांतच पुण्यात शिवाजीनगरला आश्रम उभा राहिला. भारतीय आणि इंग्रज माणसे तेथे एकत्र, जमिनीवर बसून जेवत, खादी वापरत आणि ठरलेल्या तासांना प्रार्थनेला जमत. बेनेडिक्टची घंटा आणि भारतीय आश्रमाचे मौन यांचा तो मेळ होता. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नाव मिळवलेले व्हेरियर एल्विन तरुणपणी, 1927 मध्ये, येथेच आले. 1934 मध्ये संघात फूट पडली, आश्रमाची चाल मंदावली. 1972 पासून वेगवेगळ्या चर्चच्या भगिनींनी ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून तो पुन्हा चालता केला. पुण्याच्या गर्दीत, रहदारीच्या रस्त्यापासून जवळच, दोन दिवस गप्प बसायला जागा देणारी ही वास्तू आहे. वांद्र्याला आणि खंडाळ्याला येशूसंघीयांची एकांतगृहे आहेत; तेथे नोकरदार स्त्री-पुरुष शनिवार-रविवार मौनात घालवतात. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या साधनेचे मूळ तीस दिवस शहराच्या सोयीने असे दोन दिवसांवर आणले गेले आहेत. काही जाणकारांना ही तडजोड वाटते. प्लिनीच्या पत्रातली पहाट आठवली तर ती तडजोड वाटू नये.

सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी मात्र आजही शनिवारच पाळतात. पुण्यात औंधला त्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे. तेथे शुक्रवारी सूर्य मावळला की अभ्यास आणि काम थांबते. कॅथलिक चर्चने 1967 मध्ये शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेला, रविवारच्या मिस्साचे मोल देण्याची मोकळीक दिली आणि 1983 च्या चर्च-कायद्याने ती सर्वत्र लागू झाली. दिवस आदल्या सूर्यास्तापासून मोजण्याची यहुदी रीत त्यामागे आहे आणि रविवारी पाळीला जाणारी परिचारिका, बसचालक, हॉटेलातला आचारी यांची सोयही आहे. आयटी कंपन्यांच्या रात्रपाळीने आणि घरपोच सेवांनी मुंबई-पुण्यातला समाईक वार पुन्हा विरत चालला आहे. मंडळ्यांनी त्याला घरगुती प्रार्थनासभांनी तोंड दिले आहे. आठवड्यातल्या कोणत्याही रात्री, चाळीत किंवा सोसायटीत एका घरी दहा-बारा माणसे जमतात, एखादे भजन म्हणतात, शास्त्रभाग वाचतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात आणि चहा घेऊन पांगतात.

आखाती देशांत कामाला गेलेल्या गोव्याच्या, वसईच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती लोकांना अनेक दशके रविवार मिळालाच नाही, कारण तेथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. संयुक्त अरब अमिरातींनी 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी केली. कुवेतमध्ये ती अजून शुक्रवार आणि शनिवारी असते. तेथल्या देवळांत सर्वांत मोठी गर्दी शुक्रवारी होते, आणि ज्यांना रविवारीच प्रभूचा दिवस पाळायचा आहे ते कामावर जाण्याआधी किंवा काम सुटल्यावर देवळात येतात.